जुना हॅम रेडिओ सेट: दुरुस्त करून ठेवायचा की विकायचा? निर्णय घेण्याआधी काय तपासावं?

घरातली एखादी हॅम रेडिओ चालवणारी व्यक्ती गेली की मागे एक अवघड प्रश्न उरतो. टेबलावर, कपाटात, माळ्यावर ठेवलेल्या त्या जड लोखंडी पेट्यांचं करायचं काय?

भंगारवाला त्याकडे किलोच्या भावाने पाहतो. इंटरनेटवर तसाच दिसणारा सेट हजारो रुपयांना विकायला ठेवलेला असतो. कुणी सांगतं, थोडी दुरुस्ती केली तर चांगले पैसे येतील. कुणी म्हणतं, आहे तसाच देऊन टाका.

हा निर्णय फक्त पैशांचा नाही. त्यात जीवघेण्या व्होल्टेजचा धोका आहे, परवान्याचा कायदा आहे आणि एकदा झालं की मागे न फिरवता येणारं नुकसानही आहे. म्हणूनच दुरुस्ती की विक्री, हे ठरवण्याआधी काही गोष्टी क्रमाने तपासणं गरजेचं असतं.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, हा सरकारी परवाना घेऊन जोपासायचा छंद आहे. परीक्षा देऊन परवाना मिळवलेली व्यक्ती स्वतःच्या केंद्रावरून जगभरातल्या इतर हॅमशी थेट संपर्क साधू शकते. मधे मोबाइल टॉवर किंवा इंटरनेट लागत नाही. म्हणूनच आपत्तीच्या काळात हा छंद कामी येतो. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. इतर दळणवळण कोलमडलं, तेव्हा त्यांनी रेडिओवरून अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवला होता.

या छंदातली जुनी यंत्रं साधारण तीन प्रकारची असतात. फक्त ऐकण्यासाठी रिसीव्हर, फक्त संदेश पाठवण्यासाठी ट्रान्समीटर आणि दोन्ही कामं एकाच पेटीत करणारा ट्रान्सीव्हर. व्हॉल्व्हच्या जमान्यातले सेट इतके वजनदार असत, की हॅम मंडळी त्यांना गमतीने 'बोट अँकर', म्हणजे होडीचा नांगर म्हणतात.

पहिला नियम: प्लग लावायचा नाही

जुना सेट हाती आला की पहिली इच्छा होते ती चालू करून पाहण्याची. बहुतेक नुकसान तिथेच होतं.

व्हॉल्व्ह सेटच्या वीजपुरवठ्यात इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की त्यांच्या आतला पातळ ऑक्साइडचा थर खराब होतो. अशा कंडेन्सरला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर तो तापतो, फुटतो किंवा शॉर्ट होतो. शॉर्ट झाला की सगळा भार येतो ट्रान्स्फॉर्मरवर. कंडेन्सर बाजारात मिळतो. त्या सेटसाठी खास गुंडाळलेला ट्रान्स्फॉर्मर मात्र बहुतेक वेळा मिळत नाही. म्हणजे दोन मिनिटांच्या उत्सुकतेपायी दुरुस्त होण्याजोगा सेट सुट्या भागांच्या लायकीचा होतो.

दुसरं कारण व्होल्टेजचं. अमेरिकेत विकलेले बरेच सेट ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेले आहेत. ते भारतातल्या २३० व्होल्टवर लावले तर जळतात. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्स्फॉर्मर वापरला तरी फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्स्फॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापू शकतो. मागच्या बाजूची पट्टी वाचल्याशिवाय प्लगला हात न लावलेलाच बरा.

तिसरं कारण जिवाचं. हॅम ट्रान्सीव्हरच्या आत काहीशे व्होल्ट सहज असतात. ताकद वाढवणाऱ्या लिनिअर अॅम्प्लिफायरमध्ये हा आकडा हजारांत जातो. हीथकिट कंपनीच्या प्रसिद्ध एसबी-२२० अॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्हला २,००० व्होल्टपेक्षाही जास्त व्होल्टेज मिळतं. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये साठा उरू शकतो. त्यामुळे माहिती नसलेल्या माणसाने झाकण उघडून आत बोट घालणं म्हणजे थेट मृत्यूला आमंत्रण.

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी सेटबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्यातल्या काहींच्या डायलवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग लावलेला असे. आज तो चमकत नसला तरी किरणोत्सारी असतोच. असा डायल खरवडू नये, पॉलिश करू नये, काच फुटलेली असेल तर हाताळूही नये.

कायदा काय सांगतो?

संदेश पाठवू शकणारं यंत्र जवळ बाळगायला परवाना लागतो. १९३३च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हे तत्त्व चालत आलं आहे. जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी केलेल्या २०२३च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी परवानगीची तरतूद आहे.

हॅम परवाना व्यक्तीच्या नावाने असतो. घर किंवा जमिनीसारखा तो वारसांकडे आपोआप येत नाही. त्यामुळे परवानाधारकाच्या निधनानंतर घरात राहिलेल्या ट्रान्समीटरचा प्रश्न वर्षानुवर्षं लांबणीवर टाकणं योग्य नाही. कुटुंबातल्या कुणाला हा वारसा पुढे चालवायचा असेल, तर केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन स्वतःचा परवाना घेण्याचा मार्ग खुला आहे. त्यासाठीचे अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर होतात.

विक्रीलाही हीच अट लागू पडते. ट्रान्समीटर किंवा ट्रान्सीव्हर परवानाधारकालाच द्यावा आणि परवान्याची प्रत मागून घ्यावी. ऑनलाइन विक्रीवर आता जास्त लक्ष असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स मंचांवरच्या वॉकीटॉकी आणि इतर रेडिओ उपकरणांच्या बेकायदा विक्रीबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. फोटो टाकून 'जो येईल त्याला' असं विकणं म्हणूनच धोक्याचं आहे.

सेट ओळखायचा कसा?

पुढचा भाग, मागचा भाग, मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक आणि सगळी जोडण्याची ठिकाणं, यांचे स्वच्छ उजेडात फोटो काढावेत. झाकण उघडायची गरज नाही. जाणकार हॅम फोटो पाहून बरंच काही सांगू शकतो.

त्यानंतर पाहायचं ते सेट पूर्ण आहे का. वेगळ्या दिसणाऱ्या वस्तू अनेकदा एकाच संचाचा भाग असतात आणि घर आवरताना नेमक्या त्याच फेकल्या जातात. दोन उदाहरणं पाहू:

- अमेरिकेच्या कॉलिन्स कंपनीचा १९५९ मध्ये आलेला केडब्ल्यूएम-२ हा ट्रान्सीव्हर वेगळ्या वीजपुरवठ्याच्या पेटीशिवाय चालत नाही. ती पेटी हरवली की सेट मुका.
- नॅशनल कंपनीच्या एचआरओ रिसीव्हरमध्ये वेगवेगळ्या लहरींसाठी वेगवेगळे कॉइलचे खण बदलून बसवावे लागतात. हे खण निरुपयोगी खोके समजून टाकले, तर रिसीव्हर एकाच पट्ट्यापुरता उरतो.

मायक्रोफोन, मोर्सची की, स्पीकर, जास्तीचे व्हॉल्व्ह, खास जोडणीच्या वायरी, मॅन्युअल आणि सर्किटचे नकाशे हे सगळं सेटसोबतच ठेवावं. मालकाने वहीत टिपलेले दुरुस्तीचे तपशील तर फार उपयोगी पडतात. कुठला भाग कधी बदलला, कुठे फेरफार केला, हे त्यावरून कळतं.

प्रत्येक जुना सेट मौल्यवान असतो का?

नाही. वय जास्त म्हणून किंमत जास्त, हे गणित इथे चालत नाही. किंमत ठरते ती मागणी, पूर्णपणा आणि मूळपणा यांवर.

कॉलिन्सचे सेट संग्राहकांच्या आवडीचे आहेत. तिथेही बारकावे आहेत. आधीच्या सेटवर पंखांचं बोधचिन्ह आहे, नंतरच्यांवर गोल. संग्राहक बहुधा गोल चिन्हाच्या सेटला जास्त पसंती देतात.

हीथकिटची गोष्ट वेगळी. अमेरिकेतली ही कंपनी सुटे भाग आणि पुस्तिका विकत असे आणि सेट ग्राहक स्वतः जोडत असे. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन सेट सारखे नसतात. एकाचं सोल्डरिंग नेटकं असतं, तर दुसऱ्यात जागोजागी कच्चे सांधे. इथे नावापेक्षा आतलं काम पाहावं लागतं.

महायुद्धानंतर लष्कराची शिल्लक यंत्रं जगभर स्वस्तात विकली गेली आणि अनेक हॅमनी त्यांच्यावर हात साफ केला. अमेरिकी विमानांमधला बीसी-३४८ हा रिसीव्हर त्यातलाच. पॅनेलला नवी भोकं पाडलेली, मूळ वीजपुरवठा काढून दुसरा बसवलेला, अशी ही यंत्रं आढळतात. फेरफार न झालेला सेट म्हणूनच जास्त मोलाचा.

याउलट १९७०च्या दशकातला जपानच्या याएसू कंपनीचा एफटी-१०१ भरपूर खपला. दुर्मिळ नसल्यामुळे त्याला संग्राहकाचा भाव येत नाही, पण माहिती आणि सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीने तो सोयीचा. बहुतेक सर्किट ट्रान्झिस्टरचं, फक्त प्रक्षेपणाच्या शेवटच्या टप्प्यांत व्हॉल्व्ह आणि बरेचसे बोर्ड खोबणीतून काढता येणारे. नव्या माणसाला दुरुस्ती शिकायला हा सेट चांगला मानला जातो.

दुरुस्तीत नेमकं काय करावं लागतं?

कामाचे साधारण तीन थर करता येतात.

पहिला थर स्वच्छतेचा. धूळ काढणं, स्विच आणि व्हॉल्व्हच्या बैठका योग्य रसायनाने साफ करणं. दमट हवेच्या मुंबई-कोकण पट्ट्यात संपर्कांवर गंज चढणं ही नेहमीची तक्रार असते आणि निम्मे 'बंद' सेट इथेच बोलू लागतील, अशी आशा अनेकांना असते. तसं झालं तरी त्यावर थांबता येत नाही.

दुसरा थर जुनाट भागांचा. इलेक्ट्रोलिटिक आणि कागदी कंडेन्सर बदलावे लागतात. कागदी कंडेन्सर गळू लागला की पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको असलेलं व्होल्टेज जातं आणि चांगला व्हॉल्व्ह वाया जातो. जुन्या कार्बन रेझिस्टन्सची किंमतही कालांतराने वाढलेली असते. त्यानंतर सेट थेट प्लगला न लावता सिरीज बल्बमधून आणि डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू वाढवत चालू केला जातो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. हे काम व्हॉल्व्हच्या यंत्रांवर हात बसलेल्या माणसाचंच.

तिसरा थर महागडा. जळलेला ट्रान्स्फॉर्मर, तुटलेला बँड स्विच, हरवलेली कॉइल, संपलेले आउटपुट व्हॉल्व्ह. एफटी-१०१ मधले ६जेएस६ व्हॉल्व्ह मुळात टीव्हीसाठी बनत. टीव्ही ट्रान्झिस्टरवर गेले आणि या व्हॉल्व्हचं उत्पादन थांबलं. आज जुना साठा शोधावा लागतो. शिवाय दुसऱ्या बनावटीचे व्हॉल्व्ह बसवले तर सर्किट पुन्हा जुळवावं लागतं. नंतरच्या एफटी-१०१झेडडीमध्ये ६१४६बी हा प्रक्षेपणासाठीच बनलेला व्हॉल्व्ह आहे. नावं जवळपास सारखी असली तरी दुरुस्तीचा खर्च आणि खटपट वेगळी.

म्हणून दुरुस्ती ठरवताना एकच प्रश्न आधी विचारावा: काम दुसऱ्या थरावर संपणार आहे की तिसऱ्यात जाणार आहे?

दुरुस्त केलेला सेट आज वापरता येतो का?

येतो, पण मर्यादा समजून. शॉर्टवेव्हवर एसएसबी पद्धतीने बोलणं आणि मोर्स आजही सुरू आहे. १९७०च्या दशकातला ट्रान्सीव्हर या कामाला पुरेसा आहे.

मात्र १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे हॅम पट्टे १९७९च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर मिळाले. त्याआधीच्या बहुतेक सेटमध्ये ते नसतात. जुना सेट तापताना त्याची फ्रिक्वेन्सीही थोडी सरकते. बोलताना हात फिरवून ती जुळवता येते. पण २०१७ मध्ये आलेल्या एफटी८ सारख्या संगणकी पद्धतीला स्थिर फ्रिक्वेन्सी लागते. १९५०च्या आसपासचे अनेक ट्रान्समीटर फक्त एएम आणि मोर्सचे असतात. त्यांचा आनंद घेणारी मंडळी आहेत, पण थोडी.

थोडक्यात, रोजच्या वापरासाठी एकच सेट हवा असेल तर नवा किंवा अलीकडचा सेट सोयीचा. जुना सेट दुरुस्त करायचा तो त्याच्यावर जीव आहे म्हणून.

पैशांचं गणित कसं मांडायचं?

इंटरनेटवर दिसते ती मागितलेली किंमत. प्रत्यक्षात कितीला विकला गेला, ती किंमत वेगळी. लिलावाच्या संकेतस्थळांवर पूर्ण झालेले व्यवहार पाहता येतात, आकडे तिथले घ्यावेत. परदेशातला भाव तसाच्या तसा भारतात लावू नये. तिथे खरेदीदार जास्त आहेत आणि एफटी-१०१ सारखा सुमारे १५ किलोचा सेट पाठवण्याचा खर्चही मोठा असतो.

गणित समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखादा सेट आहे त्या स्थितीत १२,००० रुपयांना जाईल आणि चालू स्थितीत २०,००० रुपयांना. फरक ८,००० रुपयांचा. त्याला कंडेन्सर आणि रेझिस्टन्सचे २,०००, व्हॉल्व्हच्या जोडीचे ५,००० आणि मजुरीचे ४,००० रुपये लागले, तर खर्च ११,००० झाला. म्हणजे दुरुस्त करून विकण्यात ३,००० रुपयांचा तोटा आणि काही महिन्यांची धावपळ.

स्वतःच्या हाताने दुरुस्ती करणाऱ्याला मजुरी लागत नाही, म्हणून त्याचं गणित जमतं. मेकॅनिककडून काम करून घेणाऱ्याचं क्वचितच जमतं. पैशांसाठी विकायचं असेल तर न दुरुस्त करता विकणंच बहुतेक वेळा फायद्याचं. दुरुस्ती करायची तर ती ठेवण्यासाठी.

अर्धवट दुरुस्ती सगळ्यात वाईट. नवा रंग मारलेला, अक्षरं पुसली गेलेली, चार भाग बदलून सोडून दिलेला सेट ना संग्राहक घेतो, ना वापरणारा. जाणकार खरेदीदाराला धूळ खात पडलेला पण न छेडलेला सेट जास्त आवडतो, कारण त्यात काय बिघडलं आहे हे त्याला स्वतः शोधता येतं.

मग निर्णय कसा घ्यायचा?

दुरुस्त करून ठेवण्याच्या बाजूने जाणाऱ्या गोष्टी:

- घरात कुणाकडे परवाना आहे किंवा तो घेण्याची खरी तयारी आहे.
- ट्रान्स्फॉर्मर शाबूत आहे आणि संच पूर्ण आहे.
- मॅन्युअल उपलब्ध आहे आणि व्हॉल्व्हचं काम जाणणारा माणूस ओळखीचा आहे.
- खर्च परत मिळणार नाही, हे मान्य आहे.

विकण्याच्या बाजूने जाणाऱ्या गोष्टी:

- घरात कुणीही हॅम नाही आणि होणारही नाही.
- ठेवायला कोरडी जागा नाही. ओल लागली की दर पावसाळ्यात सेटचं मोल कमी होतं.
- काम तिसऱ्या थरातलं आहे.
- मॉडेल दुर्मिळ आहे आणि ते योग्य हाती जावं अशी इच्छा आहे.

याशिवाय तिसरा मार्गही आहे. हॅम क्लब किंवा परवानाधारक केंद्र असलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय यांना सेट देता येतो. देण्याआधी ते त्याचा उपयोग करणार आहेत का, हे मात्र विचारून घ्यावं. चालण्याच्या पलीकडे गेलेला सेटही एकदम भंगारात टाकू नये. त्यातले व्हॉल्व्ह, डायल, नॉब आणि ट्रान्स्फॉर्मर दुसरा सेट जिवंत करू शकतात. काहीच उपयोग नसेल तर नोंदणीकृत ई-कचरा प्रक्रिया केंद्राकडे द्यावा.

विकताना काय लक्षात ठेवावं?

'चालू आहे' असं चालवून न पाहता लिहू नये. 'तपासलेला नाही, वीज दिलेली नाही' हे वाक्य प्रामाणिक आहे आणि जाणकाराला ते खटकत नाही. पहिल्या गिऱ्हाइकाला लगेच होकार देऊ नये. ज्याला सेट विकत घ्यायचा नाही, अशा जाणकाराचं मत आधी घ्यावं. सगळा साठा एकगठ्ठा मागणारा त्यातली एक मौल्यवान वस्तू डोळ्यांसमोर ठेवून आलेला असू शकतो. शक्य असेल तर सेट हातोहात द्यावा, कारण कुरिअरमध्ये जड ट्रान्स्फॉर्मरच्या धक्क्याने चेसीस वाकते.

सेट विकला तरी एक गोष्ट वेगळी काढून ठेवावी. लॉगबुक आणि क्यूएसएल कार्डं. संपर्क झाल्याची खूण म्हणून हॅम एकमेकांना ही पोस्टकार्डं पाठवतात. त्यांना बाजारभाव फारसा नसतो, पण कुणाशी, कधी, कुठून बोलणं झालं याची ती नोंद असते. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात अशी कार्डं जपणारं एक मोठं अभिलेखागारच आहे.

हॅम मंडळी निधन पावलेल्या सहकाऱ्याला 'सायलेंट की' म्हणतात, म्हणजे शांत झालेली मोर्सची की. त्या माणसाचे सगळे सेट घरात साठवून ठेवणं कुणालाच शक्य नसतं आणि त्याची गरजही नसते. आठवण म्हणून ती की, चार कार्डं आणि एक लॉगबुक पुरतं. उरलेला सेट ज्याला तो चालवता येतो, त्याच्या टेबलावर गेला तर तो पुन्हा बोलू लागतो.